तयार गेमिंग डेस्कटॉप सुधारताना : आधी वीज आणि हवा, मग ग्राफिक्स कार्ड

तयार मिळालेला गेमिंग डेस्कटॉप दोन-तीन वर्षांत नव्या गेमपुढे धापा टाकू लागला की मालकाच्या मनात सर्वांत आधी नवे ग्राफिक्स कार्ड येते. मराठवाड्यात हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत रात्री नऊलाही झळा लागतात, वीज दिवसातून कितीदा येते-जाते याचा नेम नसतो आणि गावाकडच्या फुफाट्याची बारीक धूळ कॅबिनेटच्या प्रत्येक फटीतून आत शिरते. अशा ठिकाणी आधीचाच वीजपुरवठा आणि आधीचीच हवा ठेवून जास्त वॅटचे कार्ड बसवले, तर गेम अडखळत चालतो, मशीन मध्येच बंद पडते आणि दोष मात्र निरपराध कार्डावर येतो. म्हणून पुढील पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

मशीन कोणत्या जातीचे आहे?

बाजारात तयार डेस्कटॉप दोन प्रकारांचे मिळतात. पहिला म्हणजे डेल, एचपी, लेनोवो, एसर यांसारख्या कंपन्यांचा टॉवर. दुसरा म्हणजे दुकानदाराने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने सुटे भाग जुळवून दिलेला. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड), एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणि कॅबिनेट बहुधा सर्वमान्य मापांचे असतात, त्यामुळे कोणताही भाग सहसा बदलता येतो. पहिल्या प्रकारात मात्र खरी मेख आहे. कंपनीच्या अनेक मॉडेलांमध्ये मदरबोर्डला वीज देणारा जोड नेहमीचा २४ पिनांचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो, पंख्याचा जोड निराळा असतो आणि एसएमपीएसचा आकारही बाजारातल्या आकाराशी जुळत नाही. काही मॉडेलांत तर मूळ पंखा काढला की सुरू होतानाच पडद्यावर पंख्याच्या बिघाडाची सूचना येते.

म्हणून पहिले काम खरेदी नसून पाहणी आहे. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ ही आज्ञा देऊन मदरबोर्डचे नाव टिपून घ्यावे. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममधून रॅमचा प्रकार, वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत हे पाहावे. नंतर मशीन बंद करून, वायर काढून कॅबिनेटची बाजूची झडप उघडावी आणि मोबाइलवर आतले भरपूर फोटो काढावेत. एसएमपीएसचे लेबल, मदरबोर्डला जाणारे सर्व जोड, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कार्डापासून पुढच्या पंख्यापर्यंतची मोकळी जागा, एवढे फोटोंत स्पष्ट दिसले पाहिजे. दुकानात जाताना हे फोटो आणि मोजपट्टीने घेतलेली मापे जवळ असली, तर अर्धे वाद तिथेच मिटतात. वॉरंटी शिल्लक असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी वॉरंटी कार्डावरील अटी वाचाव्यात. काही कंपन्या रॅम आणि एसएसडी बदलायला मुभा देतात, पण तेवढीच.

याच टप्प्यावर नेमके काय कमी पडते आहे तेही ठरवावे. नेहमीचा गेम अर्धा तास खेळून टास्क मॅनेजरमधला ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडते आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असून प्रोसेसरचे एक-दोन कोअर पूर्ण भरलेले असतील, तर नव्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही. रॅम काठोकाठ भरून गेम थांबत-थांबत चालत असेल, तर उत्तर स्वस्तातले आहे. जाता जाता मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेटिंगमध्ये ६० वरच अडकलेला नाही ना, हेही तपासावे. हे सांगताना हसू येते, पण महागडे मशीन घेऊन वर्षभर या दोन गोष्टी न पाहिलेले लोक कमी नाहीत.

डेटा आणि चाव्या

महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. विंडोज ११ असलेल्या अनेक तयार मशीनमध्ये डिस्क आपोआप सांकेतिक केलेली असते. बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अद्ययावत केल्यावर किंवा महत्त्वाचा भाग बदलल्यावर असे मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती हाताशी नसेल तर डेटा गेल्यातच जमा होतो. म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. कंपनीच्या मशीनमधील विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे रॅम, एसएसडी किंवा कार्ड बदलल्याने तो जात नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र बहुधा नवा घ्यावा लागतो. मशीनवर अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही हिशेबात धरावे.

भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर ते अर्थिंग नसल्याचे किंवा तुटल्याचे लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत शिरणाऱ्या विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग ठीक असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत उतरतो. नसेल तर बॉडीवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब बसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने मोठा शॉक बसत नाही, पण हा दाब युएसबी आणि एचडीएमआयच्या वाटेने इतर उपकरणांपर्यंत पोहोचतो. ‘थोडे झिणझिणते, चालायचेच’ म्हणून ते सोडून देऊ नये.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यायला सांगावीत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास आकडा यावा, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढाच यावा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नसावा. मराठवाड्याच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात ही माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपभोवतीचा ओलावा जातो आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते. कोळसा-मीठ घातलेल्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतणे हा जुना उपाय आजही तितकाच उपयोगी आहे.

यानंतर यूपीएस. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात दुसरा पुरवठा मिळाला नाही, तर मशीन बंद पडते. त्यामुळे घरचा इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असेल, म्हणजे पुरवठा बदलायला याहून जास्त वेळ घेत असेल, तर तो संगणकाच्या कामाचा नाही. शिवाय स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर गेमिंग मशीन चालवणे टाळावे. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पुरवठ्यातून वीज सुरळीत ओढणारी रचना) असते आणि शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणाऱ्या यूपीएसवरच ती सर्वांत निर्धोकपणे चालते. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट पाहावेत. बाजारातील ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो.

डीपीवर न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की घरात २३० ऐवजी त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज येऊ शकते आणि गल्लीतले टीव्ही, फ्रिज एकदमच जळतात, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. मेन बोर्डात व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठा तोडणारे उपकरण बसवून घेणे हा ग्राफिक्स कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ खर्च आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगच काढून ठेवावा. इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही काढावी.

एसएमपीएसचे लेबल वाचणे

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यापेक्षा खालचा बारीक तक्ता महत्त्वाचा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सर्व शक्ती १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेतात, म्हणून त्या रकान्यातील अँपिअरला १२ ने गुणावे. वर ‘५०० वॅट’ असे दिमाखात छापलेले असले आणि १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर असतील, तर आपल्या कामाची शक्ती ३०० वॅटच आहे. दोन वेगळ्या वाहिन्या दाखवल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज न करता लेबलवर दिलेली एकत्रित मर्यादा धरावी.

आता एक हिशेब करून पाहू. इंटेल कोअर आय५-१२४००एफ हा प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ४०६० या कार्डाची मर्यादा ११५ वॅट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे ५० वॅट धरले की बेरीज २८२ होते. कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा जास्त ओढते, शिवाय एसएमपीएस नेहमी निम्म्या-पाऊण भारावर चालणे बरे. म्हणून या जोडीसाठी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस योग्य ठरतो आणि कार्डाच्या उत्पादकाची शिफारसही तेवढीच आहे. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३३० वॅट ओढले जातील. त्यात मॉनिटरचे ३० मिळवले की ३६० होतात, म्हणजे वर सांगितलेला ६०० व्हीएचा यूपीएस पहिल्याच झटक्यात बंद पडेल. या मशीनला ६०० वॅट देणारा, साधारण १००० व्हीएचा यूपीएस लागतो.

आपल्या हवेत आणखी एक बाब पाहावी. चांगले उत्पादक आपल्या एसएमपीएसची शक्ती ४० किंवा ५० अंश तापमानाला मोजलेली असल्याचे लिहितात. ज्यावर तापमानाचा उल्लेखच नाही, तो थंड खोलीत मोजलेला असण्याची शक्यता धरून चालावे. ‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमता सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. आत येणाऱ्या व्होल्टेजचा पल्ला १०० ते २४० असेल तर उन्हाळ्यात व्होल्टेज पडल्यावरही मशीन तग धरते. पल्ला २०० पासून सुरू होत असेल तर गावाकडे संध्याकाळी त्रास ठरलेला.

बदलताना स्विच बंद करावा, वायर काढावी आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावरील उरलेली वीज ओसरते. एसएमपीएसचे स्वतःचे आवरण कधीही उघडू नये, कारण आतील कपॅसिटर वायर काढल्यावरही जिवंत असतात. सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल, तर जुन्या केबली जागेवर ठेवून नुसता डबा बदलण्याचा मोह टाळावा. केबलचे एसएमपीएसकडचे टोक बऱ्याच कंपन्यांत दिसायला सारखे असले तरी आतील तारांची मांडणी निराळी असते आणि चुकीच्या केबलने एसएसडीपासून बोर्डापर्यंत सर्व काही एका क्षणात जळू शकते.

मदरबोर्डचा जोडच निराळा असलेल्या मशीनसाठी बाजारात अडॅप्टर मिळतात. मूळ एसएमपीएस पुरेसा असेल, तर त्याला हात न लावता त्याच्या मर्यादेत बसणारे कार्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

धूळ आणि हवा

कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करावे. तसे करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखा थर जमलेला असेल तर तो मऊ ब्रशने सोडवावा.

आतला प्रश्न कॅबिनेटचा आहे की प्रोसेसरच्या कूलरचा, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून अर्धा तास गेम खेळावा आणि तापमान लिहून घ्यावे, मग बाजूची झडप काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळावा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाही, असा अर्थ होतो. जवळपास काहीच उतरले नाही, तर कूलर नीट बसलेला नाही किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) वाळलेली आहे. तयार टॉवरमध्ये समोर देखणी बंद काच आणि मागे एकच छोटा पंखा अशी रचना सर्रास दिसते. तिथे समोरून हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला, तरी फरक जाणवतो. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेवले म्हणजे तो उलटा बसत नाही. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी आणि आत घेणाऱ्या पंख्यावर जाळी लावावी. मग धूळ फटींतून न येता जाळीवर अडते. ती जाळी उन्हाळ्यात दर आठवड्याला धुवावी.

खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की आतील भागांचे तापमानही साधारण तेवढ्याच, पंधरा अंशांनी चढते. दिवाळीत ७५ अंशांवर निवांत चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० गाठतो तो यामुळे. घरात डेझर्ट कूलर असेल तर तो खोली थंड करतो हे खरे, पण त्याच्या झोतात संगणक ठेवू नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले की त्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग होऊन बसतात, आणि दमट धूळ कोरड्या धुळीपेक्षा अधिक चिवट असते. खिडकी उघडी ठेवावी, कूलर एका कोपऱ्यात आणि मशीन दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवावे.

थर्मल पेस्ट बदलताना एक काळजी घ्यावी. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांच्या एएम४ पिढीत पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. कूलर सरळ वर खेचला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटे गेम चालवून पेस्ट मऊ करावी, मशीन बंद करून वायर काढावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

रॅम आणि एसएसडी

तयार मशीनमध्ये अनेकदा ८ किंवा १६ जीबीची एकच पट्टी दिलेली असते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन मार्गांनी वाचतो आणि बऱ्याच गेमांत अडखळणे कमी होते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निराळ्या असल्याने एकमेकींच्या जागी बसत नाहीत. कंपनीच्या बऱ्याच बोर्डांवर रॅमचा वेग वाढवण्याची सोय बंद ठेवलेली असते, त्यामुळे तिथे जास्त वेगाच्या रॅमला जास्त पैसे मोजणे व्यर्थ आहे. मूळ पट्टीच्याच वेगाची आणि क्षमतेची दुसरी घ्यावी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले असल्याने खरेदीपूर्वी दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरायचा असतो. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नये.

कोरड्या हवेत अंगावरील स्थिर वीज रॅमला मारक ठरू शकते, म्हणून पट्टी हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या बिनरंगी पत्र्याला स्पर्श करावा आणि सतरंजीवर बसून हे काम करू नये.

एसएसडीबाबत एवढेच पाहावे की एम.२ स्लॉट (बोर्डावर एसएसडी बसवण्याची खाच) जलद एनव्हीएमई जोडाचा आहे की जुन्या, संथ साटा जोडाचा. साटाची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईची ३५०० एमबीच्या आसपास असते. गेम उघडण्याच्या वेळेत हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढा पुढे पडत नाही. एम.२ चा इवलासा स्क्रू कंपनी अनेकदा देतच नाही. तो दुकानातून मागून घ्यावा, नाहीतर सगळे काम तेवढ्यावर अडते.

ग्राफिक्स कार्ड

आता कार्डाची वेळ. स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडातून ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५० वॅट मिळतात. एसएमपीएसला आठ पिनांचा जोडच नसेल तर साटा-अडॅप्टर (एसएसडीच्या वीजजोडावर बसणारा) लावून कार्ड चालवू नये, त्या बारीक पिना वितळतात. लांबी, जाडी आणि कॅबिनेटच्या झडपेपर्यंतची उंची अशी तिन्ही मापे जुळवावीत. जुन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्ड आणि बोर्ड यांच्यातील जोडमार्गाची जुनी पिढी) असलेल्या बोर्डावर आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच मार्गिका वापरणारे कार्ड बरेच मंदावते, तर आठ मार्गिकांच्या आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० चे नुकसान किरकोळ असते.

जुने कार्ड काढण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रामने पुसून टाकावा. स्क्रू काढावेत, स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबावी आणि मगच कार्ड सरळ उचलावे. खिट्टी न दाबता ओढले तर स्लॉटच उचकटतो. नवे कार्ड बसल्यावर खिट्टीचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

खरेदी छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या दुकानातून करावी की बाहेरून, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. नांदेड-देगलूरकडचे लोक सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात आणि तिथे निवड मोठी असते. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी मात्र जीएसटीचे बिल सोडू नये. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. जुने कार्ड घेणार असाल, तर अर्धा तास भार देऊन समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसर बदलण्याचा विचार शेवटी करावा. कंपनीचा बायोस ठरावीक प्रोसेसरच ओळखतो आणि बोर्डावरील वीजभागही बेताचाच असतो, त्यामुळे त्याच पिढीतला एक पायरी वरचा प्रोसेसर एवढीच सहसा मजल असते.

कसोटी

सर्व बसवल्यावर चाचणी पहाटेच्या गारव्यात न घेता भर दुपारी घ्यावी. तासभर सर्वांत जड गेम चालवून प्रोसेसर ९० अंशांच्या आणि कार्ड ८३-८५ अंशांच्या आत राहते का ते पाहावे. दुसरी एखादी फाइल उघडी न ठेवता गेम चालू असतानाच यूपीएसचा भिंतीतला प्लग एकदा काढून पाहावा. मशीन चालू राहिले तर जोडणी बरोबर आहे. तापमान तरीही वर जात असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणावी. फ्रेम थोड्याच घटतात, पण उष्णता आणि पंख्यांचा आवाज दोन्ही लक्षणीय उतरतात. मृग नक्षत्राचा पाऊस पडून हवा निवली की ती पुन्हा शंभरवर न्यावी. काढलेले मूळ भाग वॉरंटी संपेपर्यंत त्यांच्याच पिशव्यांत जपून ठेवावेत, कारण दुरुस्तीला देताना काही कंपन्या मशीन मूळ स्वरूपात मागतात.